उलटा टाका
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला पुतण्याची ती खेप आठवते. नवऱ्यानं जमवलेल्या, त्याच गोळ्या घालून पेटीत जपलेल्या चित्रकथांतलं एक पुस्तक पुतण्यानं जुनी पुस्तकं तपासणाऱ्या पुण्याच्या कंपनीकडं दर्जा ठरवायला नेलं होतं. कंपनीनं ते काचेसारख्या डबीत बंद करून वर दर्जाचा आकडा लावला, आणि गिऱ्हाईक मोठी किंमत द्यायला तयार झालं. नंतर एका दुपारी तो तोंड पाडून सोनपेठच्या बसमधून उतरला. "काकू, कंपनीनं नियम बदलले. शिवलेल्या पुस्तकाचा दर्जा खाली गेला. आता कुणी इचारायलं न्हाई." वर म्हणाला, "बाकीची द्या, तपासून आणतो." मला वाटलं, खरं पुस्तक विकून हा भलतंच माझ्या गळ्यात मारायलाय. त्यानं परत आणलेली डबी मी उन्हात धरली. पानं सुटली तेव्हा मीच ते वाकळीच्या लाल दोऱ्यानं शिवलं होतं, आणि शेवटचा टाका मी उलटा घालते. टाका माझाच होता. "पुस्तक तर तेच हाय. मग किंमत कशी पडली?" "तेच सांगायलोय, तपासायची रीत बदलली!" "उद्या परत बदलली तर?" मी पेटीला कुलूप लावलं. आजही तो आला की चहा करते, पण किल्ली कमरेलाच असते.