माझा वजीर कोणी मारेना

अकरा चाली. पालघरला कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेत माझा पहिला डाव अकरा चालींत संपला. समोर एक पंचविशीची मुलगी होती, वसईकडच्या कुठल्याशा कार्यालयातली. चाल करायची आणि मोबाईल बघायची. मी चाल केली की मान वर, पुन्हा एक चाल, पुन्हा मोबाईल. शेवटी म्हणाली, "मॅडम, मात झालीय. तुमच्या लक्षात नाही आलं का?" खरंच आलं नव्हतं. पुढचे दोन डावही तसेच गेले आणि जेवणाच्या सुट्टीआधीच मी मोकळी झाले.

आणि मी तिथे गेले होते कोण म्हणून? कार्यालयाची चॅम्पियन म्हणून! सुरुवातीचे एकदोन डाव सोडले तर आठ महिन्यांत मला एकाही माणसाने हरवलं नव्हतं. निघायच्या दिवशी पेढे काय वाटले, टाळ्या काय वाजवल्या! "मॅडम, बक्षीस घेऊनच या." परतीच्या एसटीत मनोर मागे पडलं आणि एकेक डाव आठवायला लागला. इंजिनिअर साहेबांनी आपला वजीर माझ्या उंटासमोर आणून ठेवला होता, तो का? इतका मोठा माणूस, पूल बांधतो, त्याला समोरचा उंट दिसत नाही? विक्रमगड येईपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हे सगळे लेकाचे मुद्दाम हरत होते.

आता माझं टेबल कुठलं ते सांगायला हवं. मोखाड्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापना शाखेत आहे. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, तालुक्याच्या गावाला कार्यालयांची काही कमी नाही. साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाचं सेवापुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात असतं. कुणाची रजा, कुणाची वेतनवाढ, कुणाची बदली, सगळ्याची नोंद त्यात होते आणि ती नोंद मी करते. मंजुरी साहेबांची, पण कागद साहेबांपर्यंत जातो तो माझ्या हातून.

ही नोकरीसुद्धा मला नवऱ्याच्या जागेवर मिळाली. तो गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. अनुकंपावर लागलेल्या बाईला काय काय ऐकावं लागतं ते ज्या लागल्या त्यांनाच ठाऊक. "तुमचं बरंय, परीक्षा नाही, मुलाखत नाही." सतरा वर्षं ऐकतेय. घर सासऱ्यांनी दिलेलं, नोकरी नवऱ्याची. मग त्रेचाळिसाव्या वर्षी कार्यालयात खेळाचं सामान आलं, त्यात बुद्धिबळाचा पट निघाला, आणि जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये बसून मी तो खेळ शिकले. कुणी दिला नाही, कुणाच्या जागेवर मिळाला नाही. आयुष्यात ही एक गोष्ट मला माझ्या अकलेने यायला हवी होती. आणि तीसुद्धा या लोकांनी मला अनुकंपावरच द्यावी? सांगा, राग येणार नाही तर काय होईल!

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा घेतली. जेवणाच्या सुट्टीत इंजिनिअर साहेबांनाच पटावर बसवलं. सहाव्या-सातव्या चालीला माझा वजीर उचलला आणि सरळ त्यांच्या घोड्याच्या तोंडात ठेवला. आंधळ्यालाही दिसावं असा. साहेबांनी वजीर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. रुमालाने मान पुसली. आणि त्या माणसाने काय करावं? कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं!

"साहेब, वजीर दिसत नाही का तुम्हाला?"

"अं? हो का? अरे, खरंच की. राहू द्या मॅडम, चाल झाली आता."

"झाली नाही. मागे घ्या आणि मारा."

"असं कसं मॅडम, नियम म्हणजे नियम."

मी पट उलटाच केला. एक हत्ती कपाटाखाली गेला, तो काढायला साहेबच वाकले, त्याने मी आणखी भडकले. "लाज नाही वाटत? बाईमाणसाला खेळवताय होय इतके महिने?" ज्याने त्याने आपापला डबा बंद केला. त्या आठवड्यात माझ्याशी खेळायला कुणी बसेना. आणि बसले तेव्हा पुन्हा तेच, फक्त जरा बेताने हरायला लागले.

मोबाईलवर खेळा, म्हणाल. खेळून पाहिलं. आमच्याकडे डाव संपेपर्यंत रेंज टिकली तर नशीब, नाहीतर मध्येच सगळं गायब आणि तुम्ही हरलात म्हणून कळतं. मशीनशी खेळलं तर सोपं मशीन वेड्यासारखं खेळतं आणि त्याच्या वरचं सोलून काढतं. मला समोर माणूस हवा होता. माझ्यापेक्षा थोडा बरा, पण चुकणारा. आणि मी कोण हे ज्याला ठाऊक नाही असा. मोखाड्यात असा माणूस मिळणं शक्य नव्हतं, म्हणून रविवारी जव्हार गाठलं.

जव्हारला एका शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर रविवारी दोन-तीन पट मांडलेले असतात. पहिल्या दिवशी मी चुकीच्या माणसासमोर बसले. तो तिथला सगळ्यात तयार. त्याने मला पाच वेळा हरवलं, पाचही वेळा एक शब्द न बोलता, आणि कुठे चुकलं ते मला एकदाही कळलं नाही. डोंगराला डोकं आपटल्यासारखं झालं. बाजूला एक निवृत्त गुरुजी खेळत होते, ते म्हणाले, "ताई, त्याच्याशी खेळून तुम्हाला फक्त डोकेदुखी मिळेल. माझ्याकडे या. मीही काही फार शहाणा नाही."

काय सांगू, पाच रविवार माझे कसे गेले! पहाटे भाकऱ्या थापून ठेवायच्या आणि जीप पकडायची. गुरुजी माझ्यापेक्षा दोन बोटं सरस होते, बस. रागवायचे मात्र शाळेतल्यासारखे. "हे प्यादं कुणाच्या भरवशावर सोडलंत? याला आईबाप आहेत की नाही?" मी हरायचे, पण का हरले ते कळायचं, आणि पुढच्या रविवारी त्या चुकीने हरायचे नाही. चौथ्या रविवारी एक डाव बरोबरीत सुटला. पाचव्या रविवारी पहिला डाव मी जिंकले. खरा! गुरुजींनी पाच मिनिटं डोकं खाजवलं, मग चिडून राजा आडवा केला आणि म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं." त्यांचं ते चिडणं बघून मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. हरताना माणूस चिडायला हवा हो! चिडला म्हणजे खेळला.

दुसरा डाव मांडत होतो तेवढ्यात त्यांची सून त्यांना जेवायला बोलवायला आली. मला बघितलं आणि थबकली. "अय्या मॅडम, तुम्ही इकडे? बाबा, अहो ह्याच त्या मॅडम! माझा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज ह्यांच्याकडेच तर आहे." आमच्याच खात्यात निघाली, खोडाळ्याकडे नेमणूक. मी कशीबशी हसले.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "असं होय," म्हणाले. "जेवायला येतो गं थोड्या वेळाने." आणि आम्ही खेळायला लागलो. आठव्या चालीला त्यांचा वजीर माझ्या उंटासमोर उघडा.

"गुरुजी, वजीर."

"अरेच्चा. दिसलाच नाही बघा."

पाच रविवार जो माणूस एका प्याद्यासाठी माझे आईबाप काढत होता, त्याला वजीर दिसला नाही! मी पर्स उचलली आणि निघाले. मागून गुरुजी "ताई, ताई" करत होते, मी वळून पाहिलं नाही. जीपमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, हो.

सोमवारी सकाळी कार्यालयात शिपाई काका आणि मी, दोघंच होतो. काका सूर्यमाळकडचे. उन्हाळ्यात पाड्यावर टँकर येणार असला की बायकोला हंडे लावायला मदत करून मग येतात, तरी सगळ्यांच्या आधी हजर. बुद्धिबळ त्यांना कुणी आणि कधी शिकवलं देव जाणे, पण आमच्यात सगळ्यात चांगलं तेच खेळतात. डाव चालला की उभे राहून बघतात आणि कुणी चुकलं की जीभ चावतात. माझ्याशी मात्र कधी बसले नाहीत. मी सगळा राग त्यांच्यावर काढला.

"काका, मी काय वाघ आहे का? कुणाची फाईल अडवली मी आजवर? एक दाखवा! एका पैशाला कधी शिवले नाही, कुणाला दोनदा चकरा मारायला लावल्या नाहीत. मग सगळ्यांना एवढं भ्यायला काय झालं?"

काका टेबल पुसत राहिले. मग म्हणाले, "राग येल तुमाला, मॅडम."

"आलेलाच आहे. बोला."

"तुम्ही नव्या शिकल्या तवा लेखा शाखेच्या भाऊंनी तुमाला हरवलं. आठवतंय? तवा तुम्ही बोलल्या, जिंकलात ना? आता रजा कशी मिळते ते बघतेच. सगळी होती तिथं."

मला आठवेना. खरंच आठवेना. "अहो, मस्करी केली असेल मी!"

"आसंल. पण त्यांची रजा नाय झाली. लेकीचा साखरपुडा होता. अर्धा दिस टाकून गेले, पोचले तवा पंगत उठली होती."

मग आठवलं. त्या आठवड्यात मी ठाण्याला प्रशिक्षणाला होते. अर्ज माझ्या खणात राहिला. परत आले तेव्हा तारीख उलटून गेली होती, आणि भाऊंनी स्वतःच अर्ज मागे घेतला. एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

"काका, मी ठाण्याला होते हो! मुद्दाम नाही केलं!"

"तुमाला म्हाईत. आमाला कसं कळायचं?" म्हणाले आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेले.

इतका संताप आला मला! एक वाक्य, तेही हसत बोललेलं, आणि हे लोक ते इतके महिने उराशी धरून बसले? तोंड नव्हतं यांना? एकाने तरी येऊन विचारायचं! सुट्टी होईपर्यंत मी धुमसत राहिले. मग लेखा शाखेत गेले आणि भाऊंना सगळ्यांदेखत म्हटलं, "भाऊ, त्या वेळी मी ठाण्याला होते, अर्ज खणात राहिला, चूक माझी. आता चला खेळायला. आणि हरलात तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

भाऊ गोरेमोरे झाले, पण आले. रेकॉर्ड रूममध्ये सगळे गोळा झाले. इंजिनिअर साहेब, टायपिस्ट ताई, दारात काका. सुरुवातीला भाऊ चाचरत खेळले. मग मी एक घोडा चुकीच्या घरात ठेवला आणि त्यांनी क्षणभर थांबून तो मारला. मी म्हटलं, "शाब्बास!" मग त्यांना जोर चढला. गुरुजींनी शिकवलेलं सगळं वापरलं मी, चांगली झुंजले, अर्धा तास झुंजले. एकदा तर वाटलं, जिंकते. मग त्यांचा हत्ती खाली उतरला.

"शह," भाऊ म्हणाले. आणि अगदी हळू, "मात आहे, मॅडम."

पालघरहून आल्यापासून मला हेच हवं होतं ना? याच्यासाठीच जीपचे धक्के खाल्ले ना? आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात पटावरचं काही आलंच नाही. आलं ते हे, की गेल्या गुरुवारी या माणसाने लेकीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज दिलाय आणि तो माझ्या टेबलावर आहे. मस्करीत नाही, चांगलं चिडून आलं. कानशिलं तापली होती, दात आवळलेले होते. मान वर केली तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पटाकडे कुणीही बघत नव्हतं. भाऊंचा हात हत्तीवरच होता, मी म्हटलं असतं तर त्यांनी चाल मागे घेतली असती.

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्यांना मी इतके दिवस भित्रे म्हणत होते ते मला माझ्याआधीच ओळखून होते.

"बरोबर आहे, मात आहे," मी म्हटलं. मग दाराकडे बघून म्हटलं, "काका, या. आता तुम्ही बसा."

काकांनी पटाकडे बघितलं. बोटं शिवशिवत होती त्यांची, मला दिसत होती. पण जागचे हलले नाहीत.

"आज नको, मॅडम," म्हणाले. "आधी भाऊंची रजा होऊ दे."

कुणी हसलं नाही. मी उठले, टेबलाकडे गेले, अर्ज काढला आणि सगळ्यांसमोर टिपणी लिहायला बसले. राग अजून उतरला नव्हता, त्यामुळे अक्षर वाकडं आलं.