कोमट फरशी

आधीच सांगून ठेवते. या सदरातले अनुभव मी दुपारच्या जेवणासोबत वाचते, लोणच्याऐवजी. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, मागं वळून पाहिलं तर कुणीच नाही... आणि खाली प्रतिक्रिया, "अंगावर काटा आला". मला हसू येतं. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. त्याआधी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वाढले. आमच्याकडं देव्हाराच नव्हता, तर भुताला कोण विचारतो!

तरी लिहितेय. कारण एक गोष्ट मला अजून खोडून काढता आलेली नाही. आणि खरं सांगायचं तर त्या गोष्टीपेक्षा आजूबाजूची शहाणीसुरती माणसं तेव्हा जशी वागली, ते एकदा लिहायचं होतं.

जागा — बजाजनगर. वाळूजच्या एमआयडीसीला चिकटलेली कामगारांची वसाहत. नामांतराच्या लढ्याची शेवटची वर्षं. मी औरंगाबादला (तेव्हा हेच नाव) कॉलेजात बी.एस्सी. करत होते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, नव्या नव्या कंपन्यांच्या शेडमध्ये काँक्रीटची जमीन करायचे. म्हणजे काँक्रीट ओतायचं, ते नीट मुरलं की मशीनला दगड लावून घासायचं. आधी खरखरीत दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक... वरच्या ट्यूबलाईटा खाली दिसायला लागेपर्यंत. ना फरशीचे तुकडे, ना सांधे. सगळी शेड एकसंध, पाणी सांडल्यासारखी चमकणारी.

पिशोरच्या पलीकडं एका खेड्यात आमचं घर होतं. नामांतराच्या पहिल्या दंगलीत ते जाळलं. तिथनं आम्ही नेसत्या कपड्यानिशी निघालो. बजाजनगरात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, तेव्हा माय एवढंच म्हणाली, "जमीन अशी करा, जी जळत नाय."

आप्पांनी कंपनीत करायचे तशीच केली. मशीन घरात कुठून येणार? मग पॉलिशचे दगड हातात धरून, गुडघ्यावर बसून, पाणी मारत मारत घासली. मी घासली, मायनं घासली. काळसर करडी, आत बारीक खडीचे ठिपके, आणि हात फिरवला तर रेशीम. गल्लीत बाकी सगळ्यांच्या घरात शहाबादी. आमची फरशी बघायला लोक यायचे... उंबऱ्यापर्यंत.

हो, उंबऱ्यापर्यंतच. शेजारच्या मंगलकाकू आमच्याकडून मिक्सर मागून न्यायच्या, पण चहा विचारला की त्यांचा उपास असायचा. आठवड्याला सात उपास. त्यांचे यजमान वसंतराव कंपनीत फोरमन. परदेशी मशीन चालवायचे आणि मशीनला लिंबू-मिरची बांधायचे. एकदा फाटकापाशी आप्पांना म्हणाले, "विद्यापीठाचं नाव बदलून डिग्री काय जड होणारे का?"

आप्पा म्हणाले, "मग आहे तेच ठेवायचा एवढा हट्ट कशाला, भाऊसाहेब?"

त्यानंतर वसंतरावांनी आप्पांशी बोलणं सोडलं. आमचं काही अडलं नाही.

आता मुद्द्यावर येते. हिवाळ्याचे दिवस होते. माय पुढच्या खोलीत ज्वारी निवडत बसली होती. तिनं मला हाक मारली.

"सुनी, इथं ऊन पडलंय का गं?"

"ऊन कुठून येईल? त्या बाजूला खिडकी तरी आहे का?"

"मग हे गरम कशानं लागायलंय? हात लाव बरं."

मी हात लावला. आसपासची फरशी गारठलेली, आणि ती जागा कोमट. दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी. हळूहळू ऊब कमी होत जाते असंही नाही. तळहात सरकवला की कड लागायची — इकडं गार, तिकडं ऊब. ताप नसलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा, तशी.

मला अर्थातच वाटलं, करंट उतरतोय. मेन स्विच बंद केला. फरक नाही. त्या जागेखालून पाइप नाही, वायर नाही, भिंतीपलीकडं कुणाची चूल नाही. आप्पांनी पहार आपटून पाहिली. खाली पोकळ नव्हतं. कॉलेजातनं थर्मामीटर आणला, कापसात गुंडाळून फरशीवर टेकवला. पारा चढला. आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मन लावून अभ्यास कर." हे आमचे विज्ञानाचे प्राध्यापक!

आम्ही तिघं चार-आठ दिवस त्या जागेभोवती फिरत राहिलो आणि मग सरावलो. माय तिथंच बसून भाजी चिरायची. आप्पा कामावरून आले की पाठ टेकायचे. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. पण मंगलकाकू मिक्सर परत द्यायला आल्या आणि मायनं भाबडेपणानं सांगून टाकलं.

संपलं!

दुसऱ्या दिवशी मंगलकाकू चपला काढून आत आल्या. पहिल्यांदाच. हात लावला, किंचाळल्या, आणि तिथंच आडव्या पडून कपाळ टेकलं. "देवी हाय! जागृत हाय!" तासाभरात गल्ली लोटली. हळद आली, कुंकू आलं, उदबत्त्या आल्या. ज्या बायकांना आमच्या घरचा चहा चालत नव्हता, त्या आमच्या जमिनीवर नाक घासत होत्या. एकीनं तर त्या फरशीवर नारळ फोडला. टवका उडाला. आप्पा दारातनं ओरडले, "अहो बाई, फरशी आहे ती माझी!" बाई म्हणाली, "आता तुमची कशी? देवीची."

हे वाक्य मला तेव्हा नुसतं मूर्खपणाचं वाटलं. चारच दिवसांत त्याचा अर्थ कळला. वसंतराव, इतके दिवस न बोलणारे वसंतराव, गल्लीतली माणसं घेऊन आले आणि गोड आवाजात म्हणाले, "आप्पासाहेब, इथं मंदिर व्हावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. तुम्हाला दुसरीकडं जागा बघून देऊ. देवीच्या ठिकाणी... समजून घ्या... तुम्ही राहणं बरं दिसत नाही."

आप्पासाहेब! देवीमुळं बापाला माझ्या 'साहेब' मिळालं आणि त्याच दमात घराबाहेरचा रस्ता.

  उत्तर दिलं ते मायनं. पण वसंतरावांना नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाण्याचा माठ उचलून उंबऱ्यात ठेवला, वर स्टीलचा ग्लास पालथा घातला, आणि शेजारी पाटावर बसली.

बायका ताटं घेऊन आल्या.

"या," माय म्हणाली. "आधी पाणी प्या. मग टेका डोकं."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मंगलकाकू पुढं होत्या. म्हणाल्या, "आज माझा उपास आहे हो, ताई."

"पाण्याचा बी?"

मी आतल्या दारात उभी राहून हे बघत होते. इतकं हसू आणि इतका संताप एकाच वेळी मला पुन्हा कधी आला नाही. एकीला पोळी तव्यावर राहिल्याची आठवण झाली. एकीला शिंक आली, अपशकुन झाला. ताटं घेऊन सगळ्या माघारी गेल्या. पाण्याच्या एका ग्लासापुढं त्यांची जागृत देवी टिकली नाही.

राहिली एकटी सोनाबाई. वसंतरावांची आई. गावाकडची धनगराची म्हातारी, मेंढरांमागं पायपीट करून गुडघे गेलेले. ती भिंत धरून धरून सगळ्यांच्या मागनं येत होती.

"काय झालं? समद्या पळाल्या काऊन?"

"पाणी प्या म्हणलं," माय म्हणाली.

"मग दे की. इथं गुडघ्यात सुया टोचायल्यात अन् ह्या उपास करायल्यात." ती घटाघटा पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि जाऊन त्या जागेवर पाय पसरून बसली. नमस्कार नाही, काही नाही. "लई बरं वाटतंय गं बाई," एवढंच.

संध्याकाळपर्यंत गल्लीत नवी बातमी होती. ती देवी नव्हतीच मुळी. हडळ होती! सकाळी जिच्यापुढं लोटांगण घालायचं होतं, तिच्या नावानं रात्री दारोदार बिब्बे टांगले गेले. तुमच्या सदरात आजवर जेवढ्या हडळी आल्या असतील, त्यांचा जन्मही असाच कुठंतरी झाला असेल, अशी मला दाट शंका आहे.

पण वसंतरावांना जागा हवीच होती. त्यांनी नवं काढलं, आप्पांनी फरशीखाली काहीतरी पुरलंय. काय, ते प्रत्येक जण आपापल्या लायकीप्रमाणं सांगायचा. कुणी म्हणे कोंबडं, कुणी म्हणे लेकरू. पोलिसांना बोलवायची भाषा सुरू झाली. सोनाबाई मात्र रोज दुपारी येतच होती. मुलगा दारात उभा राहून ओरडायचा, ती म्हणायची, "तुझ्या घरची फरशी गार हाय रं, वसंता."

एका रविवारी सकाळी आप्पांनी छिन्नी आणि घण काढला आणि गल्लीला हाक मारली, "या, बघा!"

माय म्हणाली, "नका फोडू. एवढी घोटलेली..."

"मी घोटली, मीच फोडतो."

स्वतःच्या हातानं केलेली वस्तू फोडताना आप्पांचा चेहरा कसा झाला होता, ते मी लिहिणार नाही. घाव बसत गेले, तुकडे सुटत गेले. सगळी गल्ली माना वाकवून बघत होती. खाली निघाला मुरूम. आप्पांनीच ठोकून बसवलेला, कोरडा, स्वच्छ. मी त्यात हात घातला. मुरूम थंडगार होता.

आणि तुकडे कोमट.

हे मी स्वतः पाहिलंय. जमिनीपासून सुटे झालेले, खाली थंड मुरूम, वर डिसेंबरची हवा, आणि हातात धरलेला काँक्रीटचा तुकडा उबदार. मी एक तुकडा बादलीत बुडवला, बराच वेळ ठेवला. बाहेर काढला तेव्हा पाणी गार होतं, तुकडा उबदारच. त्या वेळी मात्र मी घाबरून तो चटकन खाली ठेवला. खोटं कशाला सांगू.

आप्पांनी एक मोठा तुकडा वसंतरावांपुढं धरला. "घ्या. काय पुरलंय ते बघा."

फोरमनसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागं लपवले. गर्दी मागं सरकली. सोनाबाई पुढं आली, तुकडा घेतला, पदरात गुंडाळला. "लेकरू धरल्यावानी लागतंय," म्हणाली आणि लंगडत घरी घेऊन गेली.

बाकीचे तुकडे संध्याकाळपर्यंत निवले. आप्पांनी खड्डा नव्या काँक्रीटनं भरला, घासला. ठिगळ दिसायचंच. ती जागा पुन्हा कधी कोमट झाली नाही. सोनाबाईचा तुकडा मात्र थंडी सरेपर्यंत उबदार होता. ती मला अंगणात बोलावून हात लावायला सांगायची. त्याच थंडीत नामविस्तार झाला. आम्ही गल्लीत पेढे वाटले. मंगलकाकूंचा, अर्थातच, उपास होता.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी वसंतराव आले. आधी गल्लीत इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघत नाही ना. मग फाटकाच्या आत आले. खालच्या आवाजात म्हणाले, "तो... तसला तुकडा आणखी आहे का? आईचा गार पडला. रात्रभर कण्हते."

 मला वाटलं, आप्पा आता ऐकवतील. त्यांच्या जागी मी असते तर ऐकवलं असतं, सगळ्या गल्लीला गोळा करून. आप्पा म्हणाले, "तुकडा नाय. पण म्हातारीच्या खोलीत अशी फरशी करून देतो. गरम निघंल याची मात्र ग्यारंटी नाय."

आणि केली. पंधरवडाभर त्या घरात गुडघ्यावर बसून घासली. मी आप्पांशी भांडले. ते म्हणाले, "वसंतासाठी करतोय व्हय मी?"

यावर तुमच्यातले इंजिनिअर लिहितील, ते आत्ताच सांगते. सिमेंट आवळताना तापतं, मला माहितीय. पण ते ओतल्यावर थोडेच दिवस. आमच्या फरशीला तेव्हा वर्षं झाली होती. जमिनीतली उष्णता म्हणाल, तर मुरूम गार का होता? पाण्यात बुडवलेला तुकडा का निवला नाही? भाविक मंडळींनीही तसदी घेऊ नये. तुमची देवी मी ग्लासभर पाण्यात विरघळलेली पाहिलीय. माझ्याकडं उत्तर नाही. पण तुमच्याकडंही नाही, आणि मी निदान ते कबूल तरी करते.

त्या नव्या फरशीवर सोनाबाईला पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी तिथंच होते. तिनं पाय पसरले, डोळे मिटले.

"लई ऊब हाय गं," म्हणाली.

मी तिच्याजवळ हात टेकवला. फरशी बर्फासारखी गार होती. म्हातारीचे गुडघे मात्र, त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच, सरळ झाले होते.