वाढकाप

पत्नीला जाऊन आता चार महिने होतील. तिचे कागद लावताना मुलीच्या वेळची सोनोग्राफीची फाइल सापडली. नव्वदच्या दशकाअखेरची, चित्रं पुसट झालेली.

आठव्या महिन्यात बडोद्याच्या कारेलीबागेतल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर शिंप्यासारखी टेप धरली. तीन आठवडे आकडा हलला नव्हता. मग सोनोग्राफीत त्यांनी बाळाचं डोकं मोजलं, पोट मोजलं, मांडीचं हाड मोजलं.

"डोकं महिन्यांप्रमाणे आहे. पोट मागे पडलंय."

नाळेतल्या रक्ताचा आवाजही त्यांनी ऐकवला. ओल्या अंगणात खराटा फिरावा तसा. अजून न जन्मलेल्या कुणाची तरी ती ये-जा ऐकताना मी श्वास रोखून उभा होतो.

"दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढे सरकायला हवं," त्या म्हणाल्या. "अजून सरकतंय. दिवसाआड बघू या."

पाचव्या खेपेला मधला आवाज तुटला. बाई गंभीर झाल्या आणि फोन करायला उठल्या. व्हरांड्यात नर्स मला म्हणाली, "कदाच वाढकाप करवी पडे, भाई."

मी साताऱ्याचा. दोन वर्षं बडोद्यात राहूनही माझं गुजराती वाचण्यापुरतंच. मला 'वाढ' तेवढं ऐकू आलं. म्हटलं, बाळ वाढवायचा काही इलाज असेल. मी लगबगीने आत जाऊन पत्नीला तसं सांगितलं.

ती बडोद्यातल्याच नागरवाड्यात वाढलेली. आधी हसली.

"अहो, वाढकाप म्हणजे ऑपरेशन. यांच्याकडे वाढणं म्हणजे कापणं. तुम्ही कधी शिकणार?"

मग हसू थांबलं. तिने पोटावर हात ठेवला.

"करू देत. आत वाढत नसेल तर बाहेर वाढेल."

त्याच दुपारी मुलगी झाली. दीड किलोचीही नव्हती. काड्यांसारखे हातपाय आणि त्यांच्या मानाने मोठं, नीट घडलेलं डोकं.

तिसऱ्या दिवशी पत्नीला काचेच्या पेटीपाशी नेलं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, नाळेतून कमी येऊ लागलं की बाळ आधी मेंदूला आणि हृदयाला रक्त पुरवतं. पोटाची, हातापायांची वाढ मागे ठेवतं.

पत्नी बराच वेळ बघत राहिली.

"हिला कुणी सांगितलं असेल हो, आधी काय वाचवायचं ते?"