फोर व्हील ड्राइव्हवाले शेजारी

खोपोलीतले आमचे शेजारी फोर व्हील ड्राइव्हचे प्रचारकच. त्यांच्या गाडीचं इंजिन माझ्या गाडीएवढंच लहान, त्यामुळे घाटात भरलेले टेंपोसुद्धा त्यांना मागे टाकतात. त्याचंही त्यांना कौतुक. "ताकद चारी चाकांत वाटली जाते ना! चिखलात बगा मग."

परवा कुंभिवलीजवळच्या त्यांच्या शेतावर निघालो, तर म्हणाले, "तुमची गाडी काढा. वाटेत लय चिखल हाय, आमची खराब होईल."

व्हायचं तेच झालं. माझी गाडी रुतली, पुढची दोन चाकं जागच्या जागी फिरू लागली. ते स्टिअरिंगवर बसले. मी पँट दुमडून मागून ढकलू लागलो. चिखल उडणार नाही इतपतच काच खाली करून ते म्हणाले, "तुमाला कवापासून सांगतोय, फोर व्हील घ्या!"