भाऊजींचा बाटल्यांचा फ्रिज

"अहो, त्यात काय कपडे ठेवायचेत? डांबरगोळ्या कशाला कोंबताय?"

"वास बसतो आत. नाक आहे का तुला?"

"नाक आहे म्हणूनच सांगतेय. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला, पुसा, दार उघडं टाकून वाळू द्या. झालं."

"सोडा तुझ्या स्वयंपाकघरात. इथं माझं चालतं."

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं, त्याला खूप वर्षं झाली. भांडत होते आमचे धाकटे दीर आणि माझी जाऊ.

भाऊजी विमा कचेरीत कारकून. निवृत्त होताना कचेरीतल्या मंडळींनी त्यांना वाइनच्या बाटल्या ठेवायचा काचेच्या दाराचा फ्रिज बाटल्यांसकट दिला, आणि माणूस कामातून गेला. स्वतः थेंब घेत नसत, घशाशी येतं म्हणून. दुसऱ्याला देत नसत, जिवावर येतं म्हणून. पाहुणा आला की आतला दिवा लावून दाखवायचे आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायचे.

दर आठवड्याला बाटल्या तान्ह्या पोरांसारख्या उचलून पलंगावर निजवायच्या. स्वतःच्या पोरांना कधी असं उचललं नाही हो! मग फळ्या फिनेलनं पुसायच्या आणि ओल्या असतानाच दार लावायचं, का, तर गारवा निघून जातो. ओल कोंडली की कुबट वास यायचा. कुबट वास आला की आणखी डांबरगोळ्या. अक्कल वाटली तेव्हा हे कुठे फिरायला गेले होते कोण जाणे.

त्यातली खालच्या फळीवरची एकच बाटली जावेची. तिची बहीण परदेशी जाताना ठेवून गेली होती. "मी परत आले की दोघी मिळून फोडू," म्हणाली होती. जावेनं जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नाही. वाट पाहिली ती फक्त त्या बाटलीची.

बहीण आली ती काठी टेकत. पुन्हा येणं व्हायचं नाही, हे तिलाही कळत होतं आणि हिलाही. मलाही बोलावलं. भाऊजींनी तोंड वाकडं करून बूच काढलं. बहिणीनं पेला नाकाशी नेला.

"अगं, हा तर आईच्या ट्रंकेचा वास!"

जावेनं घोट घेतला. नुसती नवऱ्याकडे बघत राहिली.

"बाटलीच हलकी आणली असणार तुझ्या बहिणीनं," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी," मी म्हटलं, "आता कपड्यांचं कपाट उघडून बघा, तिथं वाइनचा वास येत असेल."

"तुम्ही मध्ये पडू नका, वहिनी."

"आण गं इकडे," बहीण म्हणाली. "एवढ्या लांबून आलेय, टाकते की काय!" दोघींनी तोंडं वेडीवाकडी करत एकेक पेला संपवला. जावेचे डोळे गळत होते. ती म्हणाली, वासानं.

बहीण गेली, ती गेलीच. पुढे जाऊ त्या फ्रिजकडे फिरकलीसुद्धा नाही.

भाऊजी वारले, त्याआधी शेवटचे बाहेर पडले ते कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकानदारानं नेहमीसारखी न विचारता डांबरगोळ्यांची पुडी पुढे केली असणार. जिन्यात मला भेटले, धापा टाकत.

"अजून?" मी विचारलं.

"वास जात नाही हो, वहिनी."

वर गेले. खालच्या फळीवर, जावेच्या बाटलीच्या रिकाम्या जागी, ओल्यातच गोळ्या मांडल्या आणि दार दाबून लावलं.