टाचण्यांचे दगाआबा

सकाळी सातच्या सुमाराला एक म्हातारा माणूस तळ्याकाठी उकिडवा बसून पाण्यावर बोट धरून आहे, हे मी खिडकीतून सलग चार दिवस पाहिलं. बोट हलत नव्हतं, माणूसही हलत नव्हता. पाचव्या दिवशी मला काळजी वाटली आणि मी खाली उतरले. पर्वत पाटियाच्या त्या सोसायटीत मला येऊन आठवडाच झाला होता. बँकेने सांगलीहून सुरतेला बदली केली होती, आणि ओळखीचं असं कुणीच नव्हतं.

“काका, बरं वाटत नाहीये का?” मी विचारलं. उत्तर आलं नाही. मी मोठ्याने विचारलं, तरी नाही. शेवटी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने मला खाली बसायची खूण केली.

“माय, पहिले बठ, मंग देख.”

मी बसले. त्यांच्या बोटाच्या टोकावर काडीसारखा एक बारीक पिवळा किडा बसला होता. पंख पाठीवर मिटलेले, डोळे दोन बाजूंना. पुस्तकी मराठीत ह्याला टाचणी म्हणतात. चतुराचीच नाजूक बहीण. ते तिला सुई म्हणत.

त्यांचं नाव दगा, सोसायटीत सगळ्यांचे आबा. खानदेशात आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगड, दगा असं ठेवतात, म्हणजे देवाचं लक्ष जात नाही. विशीच्या आत ते अमळनेरकडून सुरतेत कतारगामला आले, कापडाच्या लूमवर लागले आणि नंतर तयार कापडाचे ताके तपासायच्या कामावर गेले. हजार धाग्यांत तुटलेला एक धागा त्यांना दिसायचा. चाळीस वर्षांच्या खडखडाटात कान मात्र गेले. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आले आणि सोसायटीमागचं हे जुन्या शेतातलं तळं त्यांना सापडलं.

“सुईले आवाजच नही,” ते म्हणत. “मनं अन् हिनं बरं जमस.”

मी रविवारी त्यांच्याजवळ बसू लागले. एकदा मी मोबाइलवर दोन फोटो काढले, एक इवल्याशा लाल टाचणीचा, एक तेवढ्याच हिरव्या टाचणीचा, आणि दोन नव्या जाती सापडल्या म्हणून आनंदाने दाखवले. आबांनी फोटोकडे पाहिलंही नाही. त्यांनी मला दोन आठवडे त्याच गवताजवळ बसवलं. तिथल्या लाल माद्यांच्या अंगावर हळूहळू हिरवट झाक चढत गेली.

“लाल ती पोर, हिरवी ती बाई,” आबा म्हणाले. “एकच शे. उमर व्हयनी का रंग बदलस.” मग माझ्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाले, “तुना डब्बाले एवढा टाइम नही.”

त्या पावसाळ्यानंतर सोसायटीने तळं बुजवून तिथे पार्किंग करायचं ठरवलं. त्यामागे पार्किंगपेक्षा मोठं कारण होतं. अध्यक्ष किशोरभाईंची नात आदल्या वर्षी डेंग्यूने दहा दिवस दवाखान्यात होती. सभेत ते बोलायला उभे राहिले. “मैंने बच्ची को देखा है उस हालत में. ये तालाब मच्छर का घर है. भर दो.”

आबांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं, पण विषय माहीत होता. ते उठले आणि पिशवीतून लोणच्याची काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत पाणी, वळवळणाऱ्या डासांच्या वीसेक अळ्या आणि तळाशी मातकट रंगाचं, शेपटीला तीन पानं असलेलं काहीतरी.

“हे सुईचं पिल्लू है. तालाब में यहीच रहता है. चाय पीने तक देखो.”

लोक हसले. किशोरभाई हसले नाहीत. चष्मा लावून ते बरणीवर वाकले. पिल्लू बराच वेळ स्तब्ध होतं. मग त्याचा खालचा जबडा हातासारखा पुढे सुटला आणि एक अळी नाहीशी झाली. थोड्या वेळाने दुसरी. चहाचे कप रिकामे होईपर्यंत किशोरभाई तसेच वाकून होते.

“तो फिर मेरी बच्ची को किसने काटा?” त्यांनी विचारलं. मी तो प्रश्न कागदावर लिहून आबांना दिला. आबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “मालूम नहीं. ढूंढता हूं.”

दुसऱ्या दिवसापासून ते टॉर्च घेऊन घरोघरी फिरले. ऐकायला मी बरोबर. सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली आणि सुनेच्या तुळशीच्या कुंडीखालच्या थाळीत अळ्या सापडल्या. दुसरा कुणी असता तर थाळी गुपचूप ओतून मोकळा झाला असता. आबा ती तशीच दोन्ही हातांत धरून चार जिने उतरले आणि किशोरभाईंच्या दारात उभे राहिले.

“किशोरभाई, पहला गुनहगार मैं.”

मग किशोरभाईंनी त्यांना आत घेतलं. त्यांच्या फ्रिजमागच्या पाणी साठायच्या ट्रेमध्येही तशाच अळ्या होत्या. किशोरभाई जमिनीवरच बसले. आबाही शेजारी बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवून.

तळं राहिलं. किशोरभाईंनी कचरा काढून घेतला, आणि आबांच्या सांगण्यावरून एका बाजूचं गवत आणि पाणवनस्पती तशाच ठेवल्या. पुढच्या वर्षी सोसायटीत ताप आलाच नाही असं नाही. पण दर शुक्रवारी टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांत किशोरभाई सगळ्यांत पुढे असत.

तीन वर्षांनी माझी पुन्हा बदली झाली, या वेळी नांदेडला. निघायच्या सकाळी सामान रिक्षात ठेवून मी आबांना भेटायला तळ्यावर गेले. मला जायचं नव्हतं. ज्या गावात यायचं नव्हतं, तिथून आता पाय निघत नव्हता. आबांना ते न सांगता कळलं असावं. त्यांनी पाण्यातल्या एका देठाकडे बोट दाखवलं. एक टाचणी देठावरून उलटी खाली उतरत होती. डोकं पाण्यात गेलं, मग पंख, मग शेपटीचं टोकही. ती पूर्ण बुडाली.

“आबा, मेली ती!”

माझा चेहरा पाहूनच त्यांना कळलं. “नही मरनी. अंडा दी राहिनी देठमा. आपलं काम करी राहिनी.”

आम्ही थांबलो. पाण्याखाली ती रुपेरी दिसत होती, अंगाभोवती हवेचा पातळ पापुद्रा घेऊन. बऱ्याच वेळाने ती देठ सोडून वर आली, पाण्याच्या पृष्ठभागावर क्षणभर आडवी पडली आणि पंख झटकून उडाली.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “जाय आते, माय. पानी बदलनं, एवढंच.”