नोटीस गेली उस्मानाबादला

सत्याग्रहाची नोटीस मी चुकीच्या जिल्ह्याला पाठवली. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आमचा तालुका त्यात गेला होता. ही बातमी पेपरातून गावाला मोठ्यानं वाचून दाखवणारा मीच. पण हाताला वळण उस्मानाबादचं. पाकिटावर तोच पत्ता झरझर लिहिला आणि आपलं अक्षर काय सुंदर आहे म्हणून दोन मिनिटं बघत बसलो.

मी गावात शिकवण्या घ्यायचो, म्हणून मला मास्तर म्हणत आणि लिहायची कामं माझ्याकडे येत.

मामला असा होता. साल दुष्काळाचं. पाणी धरून असलेली विहीर एकच, आमची बौद्धवस्ती आणि मुसलमान मोहल्ला यांच्या मधोमध. तिथं घागरीच्या नंबरावरून मारामारी झाली, दोन डोकी फुटली. तहसीलनं विहिरीवर लोखंडी जाळी टाकून कुलूप ठोकलं आणि जमावबंदी लावली. आठ दिवसांत दिलजमाई झाली, फुटलेली डोकी एका बाकावर चहा प्यायला लागली, पण कुलूप निघेना. अर्ज केले, जबाब नाही. माझी थोरली वहिनी कंबरदुखीनं आधीच वाकलेली. ती दीड कोसावर नदीच्या वाळूत खड्डा उकरून वाटीवाटीनं घागर भरून आणायची.

शेवटी मोहल्ल्यातले शिंपीचाचा आणि मी मिळून ठरवलं. दोन्हीकडची अकरा माणसं विहिरीवर बसणार. आम्ही वंदना म्हणायची, त्यांनी दुआ मागायची, पोलिसांच्या डोळ्यांदेखत कुलूप तोडायचं आणि हूं की चूं न करता जेलात जायचं. न सांगता तोडलं तर ती चोरी, असं चाचांचं मत. पंचशीलही मला वेगळं काही सांगत नव्हतं. म्हणून ती नोटीस.

ठरल्या दिवशी बसलो. माझ्या पिशवीत कंगवा, आरसा आणि दोन इस्त्रीचे सदरे. वंदना झाली, दुआ झाली, ऊन माथ्यावर आलं. पोलिसांचा पत्ता नाही. बाया घागरी घेऊन ताटकळत उभ्या. दुपारी एक जमादार सायकलवर आला.

"काय मास्तर, काय करायलात?"

"सत्याग्रह. रीतसर नोटीस दिलीय."

"कुणाला?"

मी सांगितलं. तो सायकलच्या सीटवर डोकं टेकून हसला. "मग आता तिकडूनच पोलीस येतील व्हय तुमाला धरायला?"

"तुम्ही धरा की."

"मला ऑर्डर न्हाई. एखादा दगड मारा, दोन शिव्या द्या, म्हंजे कायतरी लिहिता येतंय."

चाचा शांतपणे म्हणाले, "जमादार, दगडच मारायचा असता तर आज रोजा कशाला धरला असता?" मग उठून टोपी झटकली. "चला मास्तर. जेल आपल्याकडं येईना, तर आपण जाऊ."

अकराजण चालत तालुक्याच्या ठाण्यावर गेलो. तिथल्या बाकावर बसून मी नोटीस नव्यानं लिहिली. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं, तरी पाठीमागं उभं राहून त्यांनी "लातूर लिहिलं का?" असं चारदा विचारलं.

फौजदारानं कागद वाचला. "उद्या दहाला कुलूप तोडणार? आणि पळून नाही जाणार?"

"कुठं पळणार साहेब? पाणी तिथंच आहे," मी म्हणालो. त्या सबंध प्रकरणात मी केलेलं हे एकमेव शहाणपणाचं विधान.

दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर आली. वंदना, दुआ, मग चाचांनी हातोडा घातला आणि कुलूप निघालं. अकराच्या अकरा माणसं एकाच गाडीत चढली, हे दोन्ही वस्त्यांनी पाहिलं. मला विचाराल तर समेट खरा त्या घडीला झाला. आम्हाला नांदेडच्या जेलात ठेवलं. जामीन घ्या म्हणाले, तेव्हा मी ताठ उभा राहून सांगितलं, "आम्ही काही चूक केलेली नाही."

"पत्ता सोडून," चाचा म्हणाले.

बारा दिवस त्यांची नमाज आणि माझी वंदना एकाच सतरंजीवर चालली. उरलेल्या वेळात ते कैद्यांच्या सदऱ्यांना गुंड्या लावत आणि मी त्यांची घरची पत्रं लिहीत असे. पाकिटं मात्र कैदी दुसऱ्याकडून लिहून घेत.

तेवढ्यात पेपरात बातमी आली आणि नव्या जिल्ह्याचे साहेब स्वतः गावात आले. जाळी गेली, जमावबंदी उठली, आमच्यावरचा खटलाही मागं घेतला. एक घागर वस्तीची, एक मोहल्ल्याची, असा नंबर बायांनीच ठरवला.

सुटून आलो त्या दिवसाची पहिली घागर मीच शेंदणार, असा मी हट्ट धरला. दोर हातात घेतला, भरली घागर ओढता ओढता दोन्ही वस्त्यांकडं पाहून जरा हसलो आणि तेवढ्यात दोर हातातून सटकला. घागर कडेला आपटली, वर आली तेव्हा पोचा पडलेली आणि अर्धी. एवढ्या मोलाचं पाणी दगडावर सांडलेलं सगळे बघत होते. वहिनीनं कमरेवर हात ठेवला, पुढं आली आणि माझ्या हातातला दोर काढून घेतला.

"सरा भावजी. तुमी जेलातच बरे होता."